बफर द्रावण चांगलं की नुसतं नावाचं, हे ओळखायचं कसं? चार सोपे प्रश्न

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोव्हिशील्ड लस तुमच्यापैकी अनेकांनी घेतली असेल. तिच्या माहितीपत्रकातल्या घटकांच्या यादीत दोन जवळजवळ सारखी नावं दिसतात: 'एल-हिस्टिडीन' आणि 'एल-हिस्टिडीन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट'. कोव्हॅक्सिनच्या यादीत 'फॉस्फेट बफर सलाइन' असतं.

यातला कुठलाही घटक विषाणूशी लढत नाही. मग तो लशीत कशासाठी?

ही बफर द्रावणाची सामग्री आहे. लशीतले नाजूक रेणू टिकावेत म्हणून द्रावणाचा आम्लपणा एका ठरावीक पातळीवर धरून ठेवणं हे तिचं काम. हे काम किती महत्त्वाचं आहे याचं उदाहरण अमेरिकेत दिसलं. फायझरच्या कोव्हिड लशीत आधी फॉस्फेट बफर होता. २०२१ च्या अखेरीस 'ट्रिस' नावाचा बफर असलेली नवी आवृत्ती आली. जुन्या लशीच्या कुप्या साध्या फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअसला, एक महिना ठेवता येत होत्या. नव्या आवृत्तीच्या कुप्या १० आठवड्यांपर्यंत ठेवता येऊ लागल्या.

मग चांगला बफर ओळखायचा कसा? बारावीच्या परीक्षेपासून औषधांच्या कारखान्यापर्यंत हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर चार प्रश्नांमध्ये मिळतं.

आधी, बफर म्हणजे काय?

थोडं आम्ल किंवा थोडी आम्लारी मिसळली तरी ज्याचा सामू फारसा हलत नाही, ते बफर द्रावण. सामू म्हणजेच पीएच. माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांना हा शब्द चांगला माहीत असतो. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारीधर्मी. यातली एकेक पायरी दहापटीची असते. सामू ७ वरून ६ झाला, की हायड्रोजन आयन दहापट वाढले असं समजायचं.

आता हे आकडे बघा. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर सामू ७ वरून थेट २ वर कोसळतो. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात ०.१ मोल ॲसिटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट आहे. व्हिनेगरला आंबटपणा देणारं आम्ल ते हेच. या भांड्याचा सामू ४.७६ आहे. त्यातही तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर सामू होतो ४.६७. पाण्यात पाच पायऱ्यांची घसरण, इथे एक दशांश पायरीही नाही.

असं का होतं? दुसऱ्या भांड्यात दोन भिडू आहेत. बाहेरून आम्ल आलं की त्याचे हायड्रोजन आयन ॲसिटेट उचलून घेतं आणि स्वतः ॲसिटिक आम्ल बनतं. बाहेरून आम्लारी आली की ॲसिटिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन तिला निष्प्रभ करतं आणि स्वतः ॲसिटेट बनतं. एक भिडू घेणारा, दुसरा देणारा. दोघंही हजर असतील तोवर सामू टिकतो.

प्रश्न १: जोडी आहे का, आणि ती सौम्य आहे का?

बफरला सौम्य आम्ल आणि त्याचीच संयुग्मी आम्लारी लागते, किंवा सौम्य आम्लारी आणि तिचंच संयुग्मी आम्ल. संयुग्मी म्हणजे ज्या दोघांत फक्त एका हायड्रोजन आयनाचा फरक आहे असे. काही मिश्रणं तपासून बघा.

- ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट: बफर आहे.
- अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड: बफर आहे.
- सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट: बफर आहे. दोन्ही क्षार असले तरी त्यांच्यात नेमका एका हायड्रोजनचा फरक आहे.
- हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड: बफर नाही.
- सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम ॲसिटेट: बफर नाही. दोघंही घेणारे, देणारा कुणीच नाही.

चौथ्या मिश्रणात अनेकांची फसगत होते, कारण 'आम्ल आणि त्याचाच क्षार' हा नियम इथे वरवर लागू पडतो. पण हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे. त्याने आपले हायड्रोजन आयन आधीच पूर्णपणे पाण्यात सोडून दिलेले असतात आणि क्लोराइडला ते परत घेण्यात रस नसतो. म्हणजे घेणारा भिडू फक्त नावाला आहे.

तीव्र आम्लाच्या बऱ्यापैकी संहत द्रावणात आणखी थोडं आम्ल टाकलं, तर सामू फारसा हलत नाही हे खरं. पण ते द्रावण पाणी घालून दहापट विरल केलं, की सामू एक पूर्ण पायरी सरकतो. खऱ्या बफरमध्ये पाणी घातल्यावर दोन्ही भिडू सारख्याच प्रमाणात विरल होतात, त्यामुळे सामू जवळपास जागेवर राहतो. तीव्र आम्लाचं द्रावण आणि बफर यांतला फरक ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

लपलेली जोडी

परीक्षेत याहून अवघड असतात ती लपलेल्या जोडीची उदाहरणं. तिथे जोडी बाटलीत दिसत नाही, मिसळल्यावर तयार होते.

समजा, ०.१ मोलार ॲसिटिक आम्ल १०० मिलिलिटर घेतलं आणि त्यात ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ओतत गेलात.

- ५० मिलिलिटर ओतल्यावर: अर्ध्या आम्लाचं ॲसिटेट झालं, अर्धं आम्ल उरलं. हा उत्तम बफर आहे.
- १०० मिलिलिटर ओतल्यावर: सगळ्या आम्लाचं ॲसिटेट झालं. देणारा भिडू संपला, बफर नाही.
- १५० मिलिलिटर ओतल्यावर: ॲसिटेट आणि वर उरलेली तीव्र आम्लारी. बफर नाही.

बाटल्या त्याच दोन, उत्तरं मात्र वेगळी. म्हणून नावं बघून निर्णय घेऊ नये. आधी अभिक्रिया पूर्ण होऊ द्यायची आणि शेवटी भांड्यात काय उरलं ते मोजायचं. तीव्र पदार्थ सौम्य पदार्थापेक्षा कमी मोल असेल, तरच जोडी तयार होते. ०.२ मोल सोडियम ॲसिटेटमध्ये ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर बफर मिळतो. आकडे उलटे केले तर मिळत नाही.

प्रश्न २: पीकेए हव्या त्या सामूच्या जवळ आहे का?

जोडी आहे म्हणजे बफर आहे. पण तुमच्या कामाचा आहे का, हे पीकेए सांगतो. ज्या सामूला जोडीतले देणारे आणि घेणारे निम्मे-निम्मे असतात, तो त्या जोडीचा पीकेए. दोघांचं नातं हेंडरसन-हॅसलबाल्च समीकरणातून कळतं:

सामू = पीकेए + लॉग (आम्लारीची संहती ÷ आम्लाची संहती)

दोन्ही संहती सारख्या असतील तर लॉग शून्य येतो, म्हणून सामू आणि पीकेए एकच. बफर सर्वांत दणकट असतो तो याच ठिकाणी, कारण दोन्ही बाजूंचा साठा समान असतो. प्रमाण १० ला १ किंवा १ ला १० झालं की सामू पीकेएपासून एक पायरी दूर जातो आणि बफरची ताकद कमाल ताकदीच्या साधारण एक तृतीयांश उरते. यावरून एक सरळ नियम निघतो: हवा असलेला सामू पीकेएच्या एक पायरी वर ते एक पायरी खाली या पट्ट्यात हवा.

नेहमीच्या काही जोड्यांचे २५ अंश सेल्सिअसचे अंदाजे पीकेए असे:

- लॅक्टिक आम्ल आणि लॅक्टेट: ३.८६
- ॲसिटिक आम्ल आणि ॲसिटेट: ४.७६
- डायहायड्रोजन फॉस्फेट आणि हायड्रोजन फॉस्फेट: ७.२
- हेपीस: ७.५
- ट्रिस: ८.१
- बोरिक आम्ल आणि बोरेट: ९.२४
- अमोनियम आणि अमोनिया: ९.२५

पेशींवरच्या प्रयोगासाठी सामू ७.४ हवा असेल, तर ॲसिटेट बाद, अमोनियाही बाद. फॉस्फेट किंवा हेपीस योग्य. सामू ५ हवा असेल तर ॲसिटेट. सामू ९ हवा असेल तर बोरेट किंवा अमोनिया. पण अमोनिया हवेत उडून जातो, म्हणून बोरेट सोयीचा.

एका पायरीने काय फरक पडतो? वरच्याच ॲसिटेट बफरमध्ये एकूण साठा ०.२ मोल ठेवून आम्ल आणि ॲसिटेट यांचं प्रमाण १० ला १ केलं, की सामू ३.७६ च्या आसपास येतो. आता यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर सामू सुमारे ०.३५ ने घसरतो. समान प्रमाण असताना घसरण ०.०९ होती. पदार्थ तेच, एकूण साठा तोच, पण घसरण जवळपास चौपट.

प्रश्न ३: साठा पुरेसा आहे का?

पीकेए अगदी नेमका जुळला तरी भिडूच मोजके असतील तर उपयोग नाही. ॲसिटिक आम्ल आणि ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोलऐवजी फक्त ०.०१ मोल घ्या. सुरुवातीचा सामू तोच, ४.७६. आता त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. होतं तेवढं सगळं ॲसिटेट संपून जातं आणि सामू ३.२ च्या आसपास येतो. बफर मोडला.

म्हणजे दोन बफरांचा सामू तंतोतंत सारखा असला, तरी एक मजबूत आणि दुसरा तकलादू असू शकतो. नुसता सामू मोजून हे कळत नाही. त्यासाठी बफर क्षमता बघावी लागते. एक लिटर द्रावणाचा सामू एका पायरीने हलवायला किती मोल तीव्र आम्ल किंवा आम्लारी लागते, हा तिचा सोपा अंदाज. प्रयोगशाळेत हे तपासायची पद्धतही साधी आहे. ठरावीक द्रावण घ्यायचं, त्यात मोजून थोडं थोडं आम्ल टाकायचं आणि दर वेळी सामू नोंदवायचा. मग दुसऱ्या नमुन्यात आम्लारी टाकून तेच करायचं. दोन्ही बाजूंनी टिकला तो चांगला बफर.

मग साठा भरपूर ठेवला तर? तसंही चालत नाही. संहत द्रावणात पेशींमधलं पाणी बाहेर खेचलं जातं, विकरांचं काम बिघडू शकतं आणि इंजेक्शन असेल तर टोचल्यावर झोंबू शकतं. कामाच्या वेळी जेवढं आम्ल किंवा आम्लारी तयार होण्याची शक्यता आहे, तिच्यापेक्षा साठा बराच जास्त हवा. पण त्यापलीकडे वाढवण्यात फायदा नाही.

प्रश्न ४: जिथे वापरायचा, तिथे तो चालेल का?

कागदावर पहिले तीन प्रश्न पास झालेला बफर प्रत्यक्षात नापास होऊ शकतो. त्याची तीन नेहमीची कारणं आहेत.

तापमान: ट्रिसचा पीकेए दर अंशाला साधारण ०.०३ ने बदलतो. २५ अंशाला सामू ८.० असलेला ट्रिस बफर ४ अंशाच्या थंड खोलीत नेला की ८.६ च्या आसपास जातो आणि ३७ अंशाला ७.७ च्या आसपास उतरतो. म्हणून ट्रिसचा सामू ज्या तापमानाला प्रयोग करायचा, त्याच तापमानाला जुळवावा लागतो. या बाबतीत फॉस्फेट बराच स्थिर आहे.

इतर घटकांशी अभिक्रिया: फॉस्फेट कॅल्शियमसोबत न विरघळणारा क्षार बनवतो. द्रावणात कॅल्शियम असेल तर फॉस्फेटचा साका खाली बसू शकतो. मग कॅल्शियमही हातचं जातं आणि बफरही.

गोठणं: सोडियम फॉस्फेटचा बफर गोठवताना त्यातला डायसोडियम क्षार आधी स्फटिक होऊन वेगळा पडतो. जोडीतला एक भिडू असा बाजूला गेल्यावर उरलेल्या द्रवाचा सामू बराच खाली घसरतो. गोठवून साठवायच्या नाजूक प्रथिनांसाठी हा मोठा धोका आहे.

अशा अडचणींवर अमेरिकेच्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले नॉर्मन गुड यांनी सहकाऱ्यांसोबत काम केलं. १९६६ मध्ये त्यांनी जीवशास्त्राच्या प्रयोगांसाठी बफर निवडण्याचे निकष मांडले: पीकेए ६ ते ८ च्या दरम्यान असावा, पदार्थ पाण्यात चांगला विरघळावा, पेशीच्या पटलातून आत शिरू नये, तापमानाने फार बदलू नये, विकरांनी मोडू नये. त्या निकषांवर उतरलेले पदार्थ आज 'गुड्स बफर' म्हणून ओळखले जातात. हेपीस त्यांतलाच एक.

रक्त: नियमाला अपवाद?

आपल्या धमन्यांमधल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जगणं कठीण होतं. इतकं महत्त्वाचं काम करणारी मुख्य जोडी आहे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट. शरीराच्या तापमानाला तिचा पीकेए आहे फक्त ६.१.

म्हणजे रक्ताचा सामू पीकेएपासून १.३ पायऱ्या दूर. प्रश्न २ प्रमाणे ही जोडी नापास व्हायला हवी. प्रमाणही एकांगी आहे: एक लिटर रक्तद्रवात बायकार्बोनेट सुमारे २४ मिलिमोल आणि कार्बन डायऑक्साइड अवघा १.२ मिलिमोल, म्हणजे २० ला १.

मग ही जोडी काम कशी करते? रक्तातले इतर बफर क्षणभर बाजूला ठेवा आणि लिटरमागे १० मिलिमोल तीव्र आम्ल आलं असं समजा. रक्त झाकण लावलेल्या बाटलीत असतं, तर बायकार्बोनेट १४ वर आलं असतं आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आतच साचून ११.२ झाला असता. समीकरणात हे आकडे घातले तर सामू ६.२ येतो. हा मृत्यूचा आकडा आहे.

पण शरीराला झाकण नाही. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात. तो १.२ वरच राहिला तर सामू येतो सुमारे ७.१७. हे गंभीर आहे, पण उपचाराला वेळ देणारं. श्वास आणखी वाढला तर सामू त्याहून वर जातो. खर्च झालेलं बायकार्बोनेट पुढे मूत्रपिंडं भरून काढतात. जोडीला हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनंही बफरचं काम करतात.

मधुमेहात इन्शुलिन फारच कमी पडून रक्तात कीटो आम्लं साचली, की रुग्णाचा श्वास खोल आणि जलद होतो. तो दमलेला नसतो. त्याचं शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून सामू सावरायची धडपड करत असतं. असा श्वास दिसला तर ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं, कारण बायकार्बोनेटचा साठाही कधीतरी संपतोच.

म्हणजे रक्त नियमाला अपवाद नाही. बंद भांड्यातल्या बफरला हा नियम लागू होतो. रक्तातला बफर उघडा आहे आणि त्याचे भिडू सतत बदलून मिळत असतात.

थोडक्यात

कुठलंही मिश्रण समोर आलं की हे चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. मिसळून झाल्यावर सौम्य आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी, दोघंही उरतात का? नसतील तर इथेच थांबा, तो बफर नाही.

२. जोडीचा पीकेए हव्या त्या सामूपासून एका पायरीच्या आत आहे का? जितका जवळ, तितका चांगला.

३. येणारं आम्ल किंवा आम्लारी पचवण्याइतका दोन्ही भिडूंचा साठा आहे का?

४. तिथलं तापमान, इतर घटक आणि साठवण त्याला मानवणार आहे का?

आता कोव्हिशील्डची यादी पुन्हा वाचा. हिस्टिडीन हा घेणारा भिडू आणि हिस्टिडीन हायड्रोक्लोराइड हा देणारा. दोघांत एका हायड्रोजन आयनाचा फरक, आणि पीकेए सहाच्या आसपास. म्हणजे ही जोडी किंचित आम्लधर्मी पट्ट्यासाठी निवडलेली आहे. पुढच्या वेळी एखाद्या औषधाच्या यादीत 'सायट्रिक आम्ल' आणि 'सोडियम सायट्रेट' किंवा 'ट्रोमेथामिन' आणि 'ट्रोमेथामिन हायड्रोक्लोराइड' अशी जोडनावं दिसली, तर ती कशासाठी आहेत हे तुम्हाला लगेच कळेल. ट्रोमेथामिन हे ट्रिसचंच दुसरं नाव.